फ्लेक्सवर पाच लिहिलंय, तुम्ही साडेसहाला या: गावच्या कबड्डीला जायचं कसं

२०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि ज्या घरांत कबड्डी म्हणजे शाळेतला खेळाचा तास एवढंच होतं, तिथेही जेवताना चढाई-पकडीच्या गप्पा व्हायला लागल्या. छान झालं. पण ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, नाहीतर विटावा, कळवा, खारीगाव, बाळकुम या पट्ट्यात राहून गावच्या मंडळाचा सामना तुम्ही एकदाही मैदानाच्या कडेला बसून पाहिला नसेल, तर घराजवळची एक चांगली गोष्ट तुमच्या हातून निसटतेय. तिकीट नाही, आरक्षण नाही. फक्त जायचं कसं, बसायचं कुठे आणि बघायचं काय, हे कुणीतरी सांगावं लागतं.

मी मूळची कळव्याची. कुमार गटापासून डाव्या कोपऱ्यात खेळले, लग्नानंतर ऐरोलीत आले, पंच परीक्षा दिली आणि आता शाळेतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी गुणलेखकाच्या टेबलावर बसते. मैदानातली सगळ्यात चांगली जागा मला फुकट मिळते. ती तुम्हाला मिळणार नाही, पण दुसऱ्या नंबरची जागा कुठली ते सांगते.

आधी स्पर्धा शोधा. पाऊस गेला, दिवाळी झाली की नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागायला लागतात आणि मे महिन्यापर्यंत लागत राहतात. फ्लेक्स वाचायची एक पद्धत आहे: वरचे दोन तृतीयांश सोडून द्या. तिथे नेते, शुभेच्छुक आणि वाढदिवस असतात. कामाचं सगळं खालच्या दोन ओळींत, बारीक अक्षरात. ‘ठाणे जिल्हा कबड्डी असोसिएशनच्या मान्यतेने’ असं लिहिलं असेल तर पंच परीक्षा पास झालेले असणार आणि सामने नियमाने होणार. ‘स्थानिक’ म्हणजे फक्त आसपासच्या गावांतली पोरं. खेळ कमी-जास्त, आरडाओरडा भरपूर. ‘व्यावसायिक’ म्हणजे रेल्वे, बँका, पोलीस, तेल कंपन्या यांचे नोकरीवर घेतलेले खेळाडू. खेळ सगळ्यात वरचा, पण प्रेक्षकांना आपलं कोण हेच कळत नाही. ‘६० किलो’ वगैरे वजनी गट असेल तर खेळ वेगवान होतो, धरपकड कमी.

पहिल्यांदा जाणार असाल तर माझं ऐका: जिल्हास्तरीय, मान्यतेची स्पर्धा निवडा आणि तिचा दुसरा दिवस निवडा. पहिल्या दिवशी उद्घाटन असतं. श्रीफळ वाढवायचं, पाहुण्यांनी एकेका खेळाडूशी हात मिळवायचा, मग दुसरे पाहुणे उशिरा आले की चालू सामना थांबवून पुन्हा तेच. अंतिम दिवशी सत्कार. शरीर गरम करून उभी असलेली चौदा माणसं शाल-श्रीफळ संपेपर्यंत थंड होतात आणि मग कुणाचा तरी स्नायू धरतो. मला याची चीड आहे, पण वर्गणी त्यांच्याकडूनच येते, तेव्हा टेबलावर बसून मी गप्प राहते. दुसऱ्या दिवशी नेते नसतात आणि सामने ओळीने होतात.

वेळ. फ्लेक्सवर सायंकाळी पाच असेल तर पाचला मैदानावर फक्त मंडळाची दोन पोरं आणि पाण्याचा पाइप असतो. पुरुषांची पहिली शिट्टी साधारण साडेसात. तरीही मी साडेसहाला या म्हणते, कारण मैदान तयार होताना बघण्यासारखं असतं. माती चाळलेली असते, खडा राहू नये म्हणून. तिच्यावर पाणी मारतात, रोलर फिरवतात. पाणी कमी पडलं तर धुरळा उडतो आणि पायाला पकड मिळत नाही. जास्त झालं तर चिखल होतो आणि पहिल्याच चढाईत कुणीतरी आडवा. ज्याला हे जमतं असा प्रत्येक मंडळात एकच माणूस असतो. तो बहुधा कधीच मोठा खेळाडू नव्हता, पण त्याच्याशिवाय स्पर्धा होत नाही. मग दोरी ताणून फक्कीने रेषा आखतात. ही फक्की शिरगोळ्याची, म्हणजे रांगोळीचीच पूड असायला हवी. काही ठिकाणी स्वस्तात म्हणून चुना मारतात. घासून सोललेल्या ढोपराला चुना लागला की काय होतं ते सांगायला नको.

पुरुषांचं मैदान तेरा मीटर बाय दहा, महिलांचं बारा बाय आठ. दोन्ही सामने एकाच रात्री असले की आतल्या रेषा पुसून पुन्हा आखाव्या लागतात, आणि त्याचाच कंटाळा येऊन काही आयोजक महिलांचे सामने आधीच, प्रेक्षक यायच्या आत उरकून टाकतात. तुम्ही साडेसहाला या म्हणायचं दुसरं कारण हे. महिलांचा डाव पंधरा-पंधरा मिनिटांचा असतो, मैदान लहान, त्यामुळे चढाईला गेलेल्या मुलीला पळायला जागाच नसते. पकडी बघायच्या असतील तर इथे बघा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी भारताला अंतिम सामन्यात २७-२४ असं हरवलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. त्या रात्री वाईटही वाटलं आणि छातीही फुगली. आमच्याकडच्या पोरी तेव्हापासून प्रशिक्षकाला उलट प्रश्न जास्त विचारतात.

पोचायचं कसं? नवी मुंबईच्या बाजूला जायचं तर ठाणे-वाशी मार्गावरचं जवळचं स्टेशन गाठा, पण उतरल्यावर मोबाइलवरच्या नकाशावर फार विसंबू नका. सिडकोने १९७० नंतर इथल्या ९५ गावांची जमीन घेऊन शहर वसवलं. नकाशा तुम्हाला सेक्टर नंबर दाखवेल, मैदान मात्र सेक्टरच्या मध्ये उरलेल्या गावात असतं, देवळामागे, तळ्याकाठी किंवा शाळेच्या पटांगणात. रिक्षावाल्याला सेक्टर सांगू नका. “गावात, गावदेवीच्या देवळाजवळ” म्हणा. शेवटच्या दोनशे पावलांना लाउडस्पीकरच रस्ता दाखवतो. परतीची शेवटची गाडी मात्र आधीच बघून ठेवा, सामने रंगले की घड्याळाकडे लक्ष जात नाही.

कपडे जुने आणि गडद. पांढरा सदरा घालून गेलात तर तांबड्या मातीची आठवण घेऊन याल. ओडोमॉस, पाण्याची बाटली, बसायला जुनी चादर. बायकांसाठी स्पष्ट सांगते: स्वच्छतागृहाची सोय बहुतेक ठिकाणी नसते किंवा नसल्यासारखीच असते. मंडळाच्या कुठल्याही वहिनीला, काकूंना विचारा; शेजारचं कुठलंही घर उघडतं. आगरी-कोळी घरात “बाथरूमला जायचंय” म्हणून गेलेली बाई चहा न घेता परत आलेली मी पाहिलेली नाही. खायला वडापाव, भुर्जीपाव आणि उकडलेल्या अंड्यांची गाडी. अंडी आधी खा, मध्यंतराला गर्दी होते.

आता बसायची जागा. बांबू आणि फळ्यांची गॅलरी बांधलेली असेल तर पोरं वर चढतात. तुम्ही चढू नका. वरून सगळं दिसतं, पण काहीच कळत नाही. गॅलरी करकरत असेल तर मुलांनाही खाली उतरवा. टेबल मध्यरेषेच्या समोर असतं, तिथे पंच आणि पाहुणे. तुम्ही त्याच्या समोरच्या बाजूला, जिथे बाजूची रेषा आणि शेवटची रेषा मिळते त्या कोपऱ्यापाशी, दोरीच्या मागे, पहिल्या रांगेत बसा. पाय पोटाशी घ्या. पकड रंगली की पाच-सहा जणांचा घोळका तुमच्याच दिशेने येतो, आणि कुणी मांडीवर पडलं तर ओरडू नका, त्याला उचलून आत ढकला. दोरी ओलांडून राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या पट्टीत, पाय टाकायचा नाही. झटापट सुरू झाली की ती पट्टीही खेळाची होते.

तो कोपरा का, ते सांगते. घरी टीव्हीवर कॅमेरा चढाईपटूच्या मागे असतो, म्हणून आपले डोळेही त्याच्याच मागे जातात. मैदानावर हे सोडा. एक अख्खा डाव चढाईपटूकडे बघू नका. कोपरारक्षकाकडे, म्हणजे बचावाच्या टोकाला उभ्या असलेल्या खेळाडूकडे बघा. त्याची टाच उचललेली असते, हात गुडघ्याच्या खाली, नजर समोरच्याच्या कमरेवर. चेहऱ्याकडे बघणारा फसतो, कारण चेहरा खोटं बोलतो आणि कंबर बोलत नाही. त्याच्या शेजारी आतला खेळाडू, त्यानंतर मध्यरक्षक. दोघा-दोघांनी हात धरलेले, ती साखळी. चढाईपटू जसा डावीकडे-उजवीकडे सरकतो तशी ती साखळी पुढे-मागे होते, माप घेतल्यासारखी. एखादा मध्यरक्षक पाऊलभर पुढे आला आणि कोपरा मागेच राहिला, तर मधल्या फटीतून चढाईपटू गुण घेऊन जाणार हे तुम्हाला त्याच्या आधी कळेल. हे कळायला लागलं की टीव्हीवरचे समालोचक पोरकट वाटू लागतात.

सगळ्यात सुंदर क्षण बोनसचा, म्हणजे जादा गुणाचा. बचावात सहा किंवा सात जण असतील तेव्हाच बोनस मिळतो. चढाईपटूने ‘निदान रेषे’च्या (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) पलीकडची बोनस रेषा एका पायाने ओलांडायची आणि तेव्हा दुसरा पाय हवेत हवा. म्हणजे क्षणभर तो कुठेच घट्ट उभा नसतो. चांगला कोपरारक्षक याच क्षणासाठी सगळा डाव जपून बसलेला असतो. तो वाकत नाही, बाणासारखा सुटतो. घोटा हातात आला की लगेच ओढत नाही, आधी आपलं डोकं त्याच्या पोटरीला चिकटवतो, नाहीतर दुसरी लाथ जबड्यावर येते. मग बाकीचे चौघे येतात. प्रेक्षक शाबासकी त्या चौघांना देतात, कारण उचलून आपटलं त्यांनी. गुणफलक हललेला असतो तो घोट्यामुळे. तुम्ही कोपऱ्यापाशी बसलेले असाल तर खरा मालक तुम्हाला दिसतो.

आणखी एक बघा: उजव्या अंगाने येणाऱ्या चढाईपटूसमोर बचावाचा डावा कोपरा येतो. संघातला हुकमी चढाईपटू कुठल्या अंगाचा आहे ते पहिल्या पाच मिनिटांत हेरा, मग त्याच्या समोरचा कोपरा धरून बसा. जागा बदलायला मध्यंतर आहेच, पाच मिनिटांचं. मध्यंतरानंतर संघही बाजू बदलतात.

बाकी नियम दोन दमात सांगते. पुरुषांचे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चढाई तीस सेकंदांची, ‘कबड्डी कबड्डी’चा दम सुटला की बाद. समोरचे सगळे बाद केले की लोण, त्याचे दोन गुण जास्तीचे. बचावात तिघे किंवा त्याहून कमी असताना पकड झाली तर अव्वल पकड, दोन गुण. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. गुण नाही आणला तर चढाईपटूच बाद. बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया. मैदानावर मुख्य अधिकारी सरपंच, दोन बाजूंना दोन पंच; हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल दाखवलं तर त्याची रात्र संपली. एवढं पुरे. उरलेलं शेजारी बसलेले आजोबा सांगतील, न विचारता.

त्या आजोबांना बोलू द्या. साठ-सत्तरच्या दशकात खेळलेली माणसं या मैदानांवर अजून येतात. कबड्डीमहर्षी बुवा साळवींना, ज्यांच्या नावाने पंधरा जुलैला आपण कबड्डी दिन पाळतो, त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली. त्यांच्या काळात तीस सेकंदांचं बंधन नव्हतं, खेळ संथ होता, आणि आताची पोरं दम घेतच नाहीत असं त्यांचं ठाम मत. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यावर मी टेबलावरून पुष्कळदा वाद घातलाय.

दहा वाजता एक गंमत होते. नियमाप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून समालोचकाचा माइक बंद होतो. तोवर त्याने “काय ती पकड, काय तो खेळाडू” करून कान किटवलेले असतात आणि मधेच बक्षिसं पुकारलेली असतात: या पकडीला अमुक शेठकडून पाचशे एक, त्या चढाईला तमुक दादांकडून दोनशे एक. माइक गेला की खेळ ऐकू येतो. चढाईपटूचा दम, तळपायांचा मातीवरचा आवाज, मागून प्रशिक्षकाची “हात सोडू नको” ही ओरड, आणि पकड बसते तेव्हा पाठ जमिनीला लागल्याचा धप्प. खरं तर पंचांनाही दम नीट ऐकू येतो तो दहानंतरच. शक्य असेल तर दहानंतरचा एक सामना बघूनच निघा. बक्षीस तुम्हालाही जाहीर करावंसं वाटलं तर माइक सुरू असताना करा, आणि हरणाऱ्या संघाच्या एखाद्या बचावपटूला द्या. जिंकणाऱ्यांच्या चढाईपटूचे खिसे भरलेले असतात.

हल्ली पुष्कळ ठिकाणी मॅट आली आहे. मातीवर अनवाणी, मॅटवर बूट. मॅटवर वेग जास्त, खरचटणं कमी, आणि राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर जायचं असेल त्याला मॅटची सवय हवीच; त्यामुळे मातीच्या नावाने गळे काढण्यात मला रस नाही. फक्त एक अट: मॅट उघड्यावर टाकली असेल तर डिसेंबर-जानेवारीत रात्री तिच्यावर दव पडतं आणि ती निसरडी होते. दर सामन्याआधी फडक्याने पुसून घेत नसतील तर तिथल्या आयोजकांना जाऊन सांगा. प्रेक्षकाने सांगितलेलं ते पंचांच्या आधी ऐकतात.

सामना संपला की खेळाडूंभोवती गर्दी करू नका. हरलेला संघ तर अजिबात गाठू नका. त्यांना भेटायचंच असेल तर आठवड्यातल्या कुठल्याही संध्याकाळी सरावाला जा. मैदान तेच, दिवे निम्मे, प्रेक्षक शून्य. बाजूला मंडळाची खोली असते. बजरंगबलीची तसबीर, चषकांनी वाकलेली फळी, भिंतीवर जुन्या संघाचे फोटो आणि त्यातले अर्धे चेहरे आता पोट सुटून बाहेर बाकावर बसलेले. किल्ली ज्याच्याकडे आहे त्या माणसाशी ओळख काढा. अध्यक्ष वेगळा असतो, पण मंडळ किल्लीवाला चालवतो. जाताना पेढे वगैरे नेऊ नका. क्रेप बँडेज न्या, बर्फाच्या पिशव्या न्या, डझनभर केळी न्या. लगेच काका, मामी, दादा जे काय असाल ते होऊन जाल.

घरात खेळायला उत्सुक मूल असेल तर त्याला याच संध्याकाळी सोबत न्या, स्पर्धेच्या रात्री नाही. किशोर गटाला वय सोळापर्यंत आणि वजन पंचावन्न किलोपर्यंत, कुमार गटाला वय वीसपर्यंत. कुमारांना वजन सत्तर किलो, मुलींना पासष्ट. जन्माचा दाखला आणि आधार कार्ड जवळ ठेवा, नोंदणीला लागतात. पहिले दोन-तीन महिने पोराला पकडीत घेणार नाहीत. पळणं, लोळणं, पडायचं कसं हेच शिकवतील. त्याला कंटाळा आला तरी तुम्ही कुरकुर करू नका, खांदा तिथेच वाचतो. मुलींसाठी वेगळी वेळ आहे का, शिकवायला बाई आहेत का, सराव संपल्यावर पोरी घरी कशा जातात, हे सगळं किल्लीवाल्याला तोंडावर विचारा. चांगल्या मंडळात या प्रश्नांचा राग येत नाही. आणि वजनाच्या काट्याच्या आदल्या रात्री मुलाला उपाशी झोपवायला सांगणारे प्रशिक्षक भेटले, तर मूल उचला आणि शेजारच्या गावातलं मंडळ बघा. दहा मिनिटांच्या अंतरावर दुसरं असतंच.